प्रोसेसर बदलायचा का नाही: वही आणि घड्याळ घेऊन घालवलेले दोन महिने

रिटायर झाल्यापासून मी आमच्या डोंबिवलीतल्या एका जुन्या वाचनालयाचे दिवाळी अंक घरी आणून स्कॅन करते. एकूण ३४० अंक आहेत, सगळ्यात जुने १९५० च्या दशकातले, कागद चहासारखा तपकिरी झालाय आणि पान जरा जोरात उलटलं की कोपऱ्याचा तुकडा हातात येतो, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षी बघू असं म्हणून चालत नाही, जे करायचं ते आत्ताच. नुसते फोटो काढून ठेवायचे नाहीयेत, तर त्यातला मजकूर शोधता आला पाहिजे, म्हणजे कोणी येऊन विचारलं की अमुक लेखिकेची कथा कुठल्या वर्षी आली होती तर नाव टाईप करून पान समोर आलं पाहिजे. म्हणून स्कॅन झालं की स्कॅन टेलर नावाच्या प्रोग्रॅममध्ये पानं सरळ करायची, कडा कापायच्या, डाग काढायचे, मग टेसरॅक्ट नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने ओसीआर करायचं, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा शोधता येणारा मजकूर बनवायचा, आणि शेवटी डोळ्याखालून घालायचं असा सगळा क्रम आहे.

हे सगळं ज्या कॉम्प्युटरवर चालतं तो २०१९ मध्ये भाच्याने पार्ट आणून जोडून दिलेला. रायझन ३ २२००जी प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा साधा मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, १ टीबीची हार्डडिस्क, ग्राफिक्स कार्ड नाही कारण या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे. मेल, बँकेची कामं, नातवंडांशी व्हिडिओ कॉल यासाठी घेतला होता आणि त्या कामाला तो उत्तमच होता. पण २०२५ च्या जूनपर्यंत अशी वेळ आली की एका २२० पानांच्या अंकाचं ओसीआर लावलं की सव्वा तास जायचा आणि त्या सव्वा तासात दुसरी कुठलीही विंडो उघडली की माऊसचा बाण सुद्धा अडकत अडकत सरकायचा.

भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "मावशी, चार कोर चार थ्रेडचा प्रोसेसर आहे तो, २०१८ चा, त्याच्याकडून आता किती अपेक्षा करणार तू. नवीन बोर्ड, नवीन रॅम, नवीन प्रोसेसर असं सगळंच करून टाकू." कोर म्हणजे प्रोसेसरच्या आतला काम करणारा भाग आणि थ्रेड म्हणजे एका वेळी चालणारं काम. त्याने हिशोब पाठवला: एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) रायझन ५ ७६००, त्याला लागणारा बी६५० बोर्ड आणि डीडीआर५ रॅम, कारण जुनी डीडीआर४ त्यात बसतच नाही, सगळं मिळून पस्तीस हजाराच्या वर. पेन्शनमधून पस्तीस हजार काढणं मला जमलं असतं, पण पटत नव्हतं, कारण नक्की कुठे अडतंय हे मलाही माहीत नव्हतं आणि त्यालाही. तो त्याच्या अनुभवावरून बोलत होता आणि तो गेम खेळतो, मी पानं वाचते.

म्हणून मी एक वही केली. आठवडाभर जे काही करेन त्याची वेळ मोबाईलच्या स्टॉपवॉचवर लावायची आणि बाजूला विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा ठेवून त्या क्षणाला सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क किती टक्के आहेत ते लिहायचं. पहिल्याच दिवशी जे दिसलं त्याने माझी समजूत बदलली. स्कॅन टेलरमध्ये एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना पाच ते सहा सेकंद थांबायला लागायचं, आणि मला वाटत होतं की प्रोसेसर दमलाय, पण त्यावेळी सीपीयू जेमतेम ३५ टक्के, मेमरी ९३ टक्के आणि डिस्क सरळ १०० वर चिकटलेली. म्हणजे प्रोसेसर बिचारा हात बांधून उभा होता आणि हार्डडिस्क त्याला पान आणून देत नव्हती.

आकडे मांडले की कळतं असं का होतं. ए४ आकाराचं पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं की २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतात, कॉम्प्रेस न करता ठेवलं तर एका पानाचे २६ एमबी, आणि २२० पानांचा अंक म्हणजे पावणेसहा जीबी. त्यात माझ्या मशीनवर ८ जीबी रॅम असली तरी विंडोजमध्ये त्यापुढे कंसात ५.९ जीबी वापरता येईल असं दिसायचं, कारण बाकीची दोन जीबी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली होती. रॅम भरली की विंडोज तोच माल हार्डडिस्कवर नेऊन ठेवतं आणि परत आणतं, आणि हार्डडिस्क त्यावेळी स्कॅनची पानंही वाचत असते, मग दोघांची ओढाताण. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं, वहीत ओळीने सात दिवस तेच तेच आकडे आले तेव्हा पटलं.

ओसीआर चालू असताना मात्र सीपीयू खरोखरच १०० टक्के होता, सलग. पण इथेही एक गोष्ट निघाली आणि ती फुकट सुटली. मी चार कोर आहेत म्हणून टेसरॅक्टच्या चार विंडो एकदम चालवत होते, प्रत्येकीला पंचावन्न पानं. पण टेसरॅक्ट एकेका पानासाठी स्वतःहून चार चार थ्रेड वापरायला जातं, म्हणजे चार कोरवर सोळा जण एकमेकांना ढकलत उभे. त्यावर उपाय म्हणजे ओएमपी थ्रेड लिमिट नावाची एक सेटिंग १ करायची, मग प्रत्येक विंडो एकाच कोरवर शांतपणे आपलं पान करते. भाच्याने फोनवर सांगितलं कुठे काय लिहायचं, बॅच फाईलमध्ये (कॉम्प्युटरला द्यायच्या सूचना ओळीने लिहून ठेवलेली फाईल) एक ओळ वाढवली, आणि सव्वा तासाचं काम २६ मिनिटांत झालं. मी खात्री करायला तोच अंक पुन्हा लावला, पुन्हा २६. एक रुपया खर्च नाही. हे बघून मला खरंच आधी आनंद झाला आणि मग वाईट वाटलं की आधीचे साठ अंक मी उगाचच तासनतास चालवत बसले.

मग ठरवलं की प्रोसेसरचा विषय बाजूला ठेवायचा आणि आधी जे स्पष्ट दिसतंय ते करायचं. ८ जीबीची दुसरी रॅम अठराशेला आणि ५०० जीबीची एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा कितीतरी जलद डिस्क, अडीच हजाराच्या आसपास मिळाली. जुनी रॅम २६६६ ची, नवीन ३२०० ची, दोन्ही मिळून २६६६ लाच चालतात, मला त्याचं काही नाही. दुसरी रॅम लावायचा आणखी एक फायदा असा की एकाच्या जागी दोन चॅनल चालू होतात, आणि ज्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच आहे त्याला हे जास्त लागतं कारण ग्राफिक्सही त्याच रॅममधून खातं. रॅम बोर्डच्या पुस्तकात दाखवलेल्या खाचांमध्येच बसवायची, एवढं बघून घ्या. विंडोज एसएसडीवर हलवलं, चालू असलेला अंक पण एसएसडीवर ठेवायचा आणि पूर्ण झाला की हार्डडिस्कवर.

स्कॅन टेलरमधलं पान उलटायला साडेपाचच्या जागी दोन सेकंद लागायला लागले. २२० पानांना हे धरलं तर एका अंकामागे वीस मिनिटांचं थांबणं सात मिनिटांवर आलं. ओसीआर २६ वरून २१ मिनिटांवर.

आता प्रोसेसर. माझा बोर्ड एएम४ सॉकेटचा आहे आणि या सॉकेटची खासियत अशी की २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० सीरिजपर्यंतचे प्रोसेसर त्याच सॉकेटमध्ये आले, बोर्डाचं बायोस, म्हणजे मशीन चालू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, तेवढं नवीन पाहिजे. म्हणजे मला बोर्ड आणि रॅम तशीच ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येत होता, अकरा साडेअकरा हजारात सहा कोर बारा थ्रेडचा रायझन ५ ५६००जी मिळत होता. पस्तीस हजारापुढे हे कमी वाटतं, पण कमी वाटतं म्हणून घ्यायचं का?

मी वहीत हिशोब मांडला. शिल्लक २८० अंक. ओसीआरचे २१ मिनिटांचे सात झाले असं धरलं तर अंकामागे चौदा मिनिटं वाचतात, २८० अंकांचे पासष्ट तास. आकडा मोठा दिसतो, पण ओसीआर मी रात्री लावून झोपते. रात्री साडेदहाला दोन अंक लावायचे, सकाळी तयार असतात. ते पावणेअकराला संपले काय किंवा सव्वाअकराला संपले काय, माझ्या आयुष्यात काहीच फरक पडत नाही. वाचणारी मिनिटं ही मशीनची, माझी नाहीत. माझी मिनिटं फक्त ती जेव्हा मी खुर्चीत बसून स्क्रीनकडे बघत थांबलेली असते. तो हिशोब केला तर स्कॅन टेलरमध्ये दोन सेकंदांचा एक होईल, अंकामागे साडेतीन मिनिटांच्या वर, सगळे मिळून सतरा तास. त्यासाठी साडेअकरा हजार? मी भाच्याला कळवलं की नाही घेत, आणि विषय बंद केला.

विषय तीन आठवडे बंद राहिला.

तो परत उघडला एका १९६४ च्या अंकामुळे. त्या अंकाच्या छपाईत शाई कुठे जास्त पसरलेली, कुठे पुसट, आणि छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, झिजलेले असणार कारण ध आणि घ मध्ये माणसाला सुद्धा फरक कळत नव्हता. ओसीआरने धनंजय चा घनंजय केला, भाकरी ची माकरी केली, रफार तर जवळजवळ सगळे गाळले. आता शोधणारा माणूस धनंजय टाईप करणार आणि त्याला ते पान कधीच मिळणार नाही, म्हणजे ते पान स्कॅन करूनही हरवलंच. अशा पानांवर मी काय करते तर काळेपांढरेपणाची पातळी थोडी बदलते, पान पुन्हा टेसरॅक्टला देते, निकाल बघते, पुन्हा बदलते, पुन्हा देते. टेसरॅक्टच्या मराठीसाठी वेगवेगळ्या प्रकारच्या डेटा फाईल मिळतात, त्यात एक झटपट चालणारी आणि एक जास्त अचूक पण हळू चालणारी, आणि अशा जुन्या छपाईला मला हळू चालणारीच लागते. त्यादिवशी सहज घड्याळ लावलं. एका पानाला एका वेळेस वीस सेकंद.

वीस सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण वीस सेकंदात दुसरं काही हातात घेता येत नाही, उठून जाता येत नाही, नुसतं बघत बसायचं. आणि खराब अंकात अशी तीस चाळीस पानं असतात आणि प्रत्येकाला सरासरी तीनदा करायला लागतं. पस्तीस पानं तीनदा म्हणजे १०५ वेळा, गुणिले वीस सेकंद, पस्तीस मिनिटं. पस्तीस मिनिटं एका अंकाला, आणि ती सगळी माझी जागेपणाची. हे माझ्या पहिल्या आठवड्याच्या वहीत आलंच नव्हतं कारण त्या आठवड्यात योगायोगाने चांगल्या छपाईचे अंक हातात होते आणि एकेक वेळ इतकी छोटी की लिहावी असं वाटलंच नाही. मी मोठे तुकडे मोजले होते आणि छोटे सोडून दिले होते.

आधी फुकटचा उपाय बघितला. एकच पान करायचं असेल तेव्हा ती थ्रेड लिमिट काढली, चारही कोर त्या एका पानाला लावले, तर वीसचे सतरा झाले, बस. म्हणजे इथे कोर किती आहेत त्याला फार अर्थ नाही, एक कोर किती पळतो त्याला आहे. आणि तिथे २२००जी खरंच मागे आहे. नावात २००० असलं तरी त्याचे कोर (रायझन बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या) पहिल्या पिढीच्या झेन डिझाईनचे आहेत, ३.७ गिगाहर्ट्झच्या वर जात नाहीत, आणि टेसरॅक्ट ज्या एव्हीएक्स२ सूचना (बरेच आकडे एकदम हाताळणाऱ्या) वापरतं त्या पहिल्या झेनमध्ये अर्ध्या अर्ध्या करून दोन हप्त्यांत चालतात, झेन २ पासून त्या एकाच वेळी पूर्ण चालायला लागल्या. झेन २ आणि झेन ३ दोन्हीच्या वेळी एएमडीने एका क्लॉकमागे, म्हणजे प्रोसेसरच्या एका ठोक्यात, होणारं काम अनुक्रमे १५ आणि १९ टक्के वाढल्याचं सांगितलं होतं. कागदावर हे सगळं छान वाटतं, पण मला माझं पान किती सेकंदात होतं ते पाहिजे होतं.

यूट्यूबवर शेकडो व्हिडिओ आहेत, त्यात गेमचे फ्रेम रेट असतात, मराठी ओसीआरचे सेकंद कोणी सांगत नाही. मग भाच्याच्या ऑफिसमधल्या एका मित्राच्या घरी ५६००जी चं मशीन आहे असं कळलं, त्याला माझी पाच वाईटातली वाईट पानं आणि बॅच फाईल मेल केली. त्याने रविवारी वेळ काढून चालवली आणि वेळा लिहून पाठवल्या, सगळ्या अकरा सेकंदांच्या आसपास. ज्याला कोणाला असा निर्णय घ्यायचाय त्याने हे नक्की करावं, आपलंच काम दुसऱ्याच्या मशीनवर चालवून बघावं, शंभर व्हिडिओंपेक्षा ते पाच आकडे मला उपयोगी पडले. वीसचे अकरा म्हणजे अंकामागे सोळा मिनिटं, २८० अंक सगळेच काही इतके खराब नाहीत, पण अर्धे जरी धरले तरी पस्तीस चाळीस तास माझे. आधीचे सतरा मिळवले की पन्नासच्या वर. आता साडेअकरा हजार मला जास्त वाटेनात.

आणि दुसरं कारण डोक्यावर होतंच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवला तर विंडोज ११ ला हा प्रोसेसर चालत नाही असा लाल शेरा. गंमत म्हणजे त्याच २००० सीरिजचा रायझन ५ २६०० मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे, पण २२००जी आणि २४००जी नाहीत, कारण तेच, आतले कोर पहिल्या पिढीचे. एक वर्ष जास्तीचे सिक्युरिटी अपडेट मिळायची सोय होती, लिनक्सही टाकता आलं असतं, टेसरॅक्ट तिथे उत्तमच चालतं, पण माझ्या स्कॅनरचा ड्रायव्हर विंडोजचा आहे आणि बँकेची कामंही त्यावरच. नुसत्या विंडोज ११ साठी मी पैसे घातले नसते, पण आता दोन कारणं एका बाजूला आली.

गणपतीच्या आधीच्या शनिवारी मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला गेले. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात म्हणून शनिवार. डोंबिवलीहून दादर, तिथे वेस्टर्नला बदलून ग्रँट रोड, पावसाची रिपरिप चालू, पिशवीत वही. पहिल्या दुकानात सांगितलं की रायझन ५ ५६००जी पाहिजे, तर काऊंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, जी कशाला घेताय, साधा ५६०० घ्या, कॅशे डबल आहे, स्वस्त पण पडेल." त्याचं एक वाक्य खरं होतं, ५६०० ला ३२ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी जलद मेमरी) आहे आणि ५६००जी ला १६. पण त्याने हे विचारलंच नाही की तुमच्याकडे ग्राफिक्स कार्ड आहे का. साध्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५५०० मध्येही नाही, माझ्या मशीनवर तो लावला असता तर सगळं चालू होऊन पंखा फिरला असता आणि मॉनिटर काळाच राहिला असता. मग एक ग्राफिक्स कार्ड घ्या म्हणून परत यायला लागलं असतं. ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी खुशाल ५६०० घ्यावा, तो जास्त चांगला आहे, पण २२००जी वरून जाणाऱ्याने हे एक अक्षर डोळ्यात तेल घालून बघावं.

दुसऱ्या दुकानात ५६००जी स्वस्तात दिला, हजारेक रुपये कमी, पण तो खोक्याशिवाय, ट्रेमधला, कूलर नाही आणि बिलाचं विचारलं तर वॉरंटी दुकानाची एक वर्ष. तिसऱ्या दुकानात सील असलेला बॉक्स, त्यात कूलर, कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी, जीएसटीचं पक्कं बिल, अकरा हजार चारशे. तिथेच ८ कोरचा ५७००जी पण दाखवला, दोघांच्या किमतीत बराच फरक, आणि माझं अडणारं काम एका कोरचं, त्यामुळे तो मी हातातही घेतला नाही. बॉक्सवरचा नंबर बिलावर लिहून घेतला आणि निघाले. जुना आणि नवा दोन्ही प्रोसेसर ६५ वॉटचे, त्यामुळे एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलायचा प्रश्न नव्हता, ते मी घरूनच बघून गेले होते.

घरी आल्यावर प्रोसेसर लगेच बसवायचा नाही, आधी बायोस, आणि ते जुना प्रोसेसर आत असतानाच. कारण जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखताच येत नाही, मशीन चालूच होणार नाही, आणि चालू नाही झालं तर बायोस बदलणार कसं. बोर्डाच्या कंपनीच्या साईटवर प्रोसेसरची यादी असते, त्यात ५६००जी समोर कमीत कमी कुठलं बायोस पाहिजे ते लिहिलेलं असतं. माझं बायोस २०१९ चं, आणि सूचनेत लिहिलं होतं की आधी मधलं एक व्हर्जन टाका आणि मग शेवटचं. पेनड्राईव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून दोन्ही फाईल त्यावर टाकल्या. या कामात मधेच लाईट गेली तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो, आणि ऑगस्टच्या पावसात आमच्याकडे लाईटचा भरवसा नसतो, म्हणून शेजारच्यांचा यूपीएस दोन तासांसाठी आणला, त्याची बॅटरी पूर्ण चार्ज होईपर्यंत थांबले आणि मगच सुरू केलं. एकेका व्हर्जनला चार पाच मिनिटं लागली. ती पट्टी शून्यापासून शंभरापर्यंत सरकताना मी खुर्चीवरून हलले नाही, यांना सुद्धा मिक्सर लावू नका म्हणून सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाचा आला आणि आम्ही कूलर काढायला घेतला. चार स्क्रू तिरके तिरके थोडे थोडे सैल केले, आणि कूलर सरळ वर उचलला, तर कट् असा आवाज आला आणि कूलरबरोबर प्रोसेसर पण वर आला, खाली चिकटलेला. सॉकेटची दांडी अजून खाली लॉक होती. सहा वर्षांत थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) सुकून डिंकासारखी झालेली होती. एएम४ चे पिन प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१ पिन, केसासारख्या, आणि कोपऱ्यातल्या दोन वाकल्या होत्या. माझ्या पोटात गोळा आला, जरी तो जुना प्रोसेसर होता तरी. नंतर कळलं की मशीन आधी दहा पंधरा मिनिटं कामाला लावून गरम करायचं, मग बंद करून, प्लग काढून, कूलर सरळ न उचलता हळूच डावीकडे उजवीकडे पिळायचा म्हणजे पेस्ट सुटते. ही एक गोष्ट आधी माहीत असती तर बरं झालं असतं. भाच्याने शिसपेन्सिलीचं, म्हणजे ती खटका दाबून शिसं बाहेर येतं ना तिचं, टोक त्या पिनवर घालून केसभर केसभर करत दोन्ही सरळ केल्या, मी वरून टॉर्च धरला होता. अर्धा तास गेला त्यात.

नवा बसवायला दोन मिनिटं. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, अलगद ठेवायचा, जोर अजिबात नाही, तो आपोआप खाली बसतो, मग दांडी. नव्या कूलरला पेस्ट लावलेलीच येते. चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत मेसेज आला की नवीन सीपीयू लावलाय, एफटीपीएम (प्रोसेसरमधली, सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी टीपीएम नावाची सोय) रीसेट करायचं का, वाय दाबा किंवा एन. ज्यांच्या मशीनवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे त्यांनी त्याची रिकव्हरी की आधीच लिहून ठेवली पाहिजे नाहीतर डिस्क उघडणार नाही, माझं बंद होतं ते आदल्या रात्री बघून ठेवलं होतं, म्हणून वाय दाबला. मग बायोसमध्ये जाऊन टीपीएम चालू आहे ना ते बघितलं आणि रॅमचा स्पीड परत लावला, कारण बायोस बदलल्यावर सगळ्या सेटिंग मूळ पदावर जातात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात विंडोज ११ टाकलं, लाल शेरा हिरवा झाला होता.

वहीतली शेवटची पानं अशी आहेत. २२० पानांचं ओसीआर, आता बारा विंडो एकदम चालवून, सात मिनिटं. स्कॅन टेलरमध्ये पान उलटायला एका सेकंदाच्या आतबाहेर. खराब पान एकदा करायला साडेदहा ते अकरा सेकंद, मित्राच्या मशीनवर आले होते तेवढेच. एकूण खर्च, रॅम, एसएसडी, प्रोसेसर सगळं धरून पंधरा हजार सातशे. यातल्या पहिल्या चार हजार तीनशेने जेवढा फरक पडला तेवढा नंतरच्या अकरा हजार चारशेने पडला नाही हे मी वहीत तेव्हाच लिहून ठेवलंय, आणि वाचनालयातल्या सेक्रेटरींनी त्यांच्या ऑफिसच्या मशीनसाठी विचारलं तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं, त्यांचं काम टॅली आणि पत्रं टाईप करण्याचं, तुम्ही फक्त एसएसडी टाका, प्रोसेसरला हात लावू नका. त्यांनी टाकली, दोन मिनिटांनी चालू होणारं मशीन वीस सेकंदांत चालू होतंय.

१९६४ च्या अंकाकडे मी सगळं झाल्यावर परत गेले. पान ८७, ज्यावर धनंजय चौदा वेळा आलाय. पातळी थोडी खाली घेतली, अकरा सेकंद, नऊ बरोबर आले. आणखी थोडी, अकरा सेकंद, बारा. तिसऱ्यांदा पानाचा उजवा काठ वेगळा कापून दिला कारण तिथे बांधणीची सावली पडत होती, आणि चौदाच्या चौदा आले. उरलेले रफार हाताने घातले.